एका पायातला बूट

फिलाडेल्फिया,
गुरुवार, दुपार

प्रिय जोनी,

हे पाकीट मी मुद्दाम कियानाच्या नावाने पाठवतेय. माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडता कपाटावर भिरकावून देशील, हे काय मला माहीत नाही? आत काय आहे ते तिलाही सांगितलेलं नाही. फक्त म्हटलं, बाळे, हे आजच्या आज आईच्या हातात दे आणि तिचं वाचून होईपर्यंत दारातून हलू नकोस. तेव्हा तुझी लेक आत्ता दारात उभी असेल, कडेवर तुझ्या नातीला, नायलाला घेऊन. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिला आत घे. फोन तू उचलत नाहीस, निरोप ठेवला तर ऐकत नाहीस, मग माझ्यासारख्या बाईने करायचं तरी काय? पार्लर बंद ठेवलंय, दारावरची पाटी उलटी केलीय आणि लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, पण सगळं वाच. मधली पानं गाळून शेवटावर उडी मारू नकोस. लहानपणी प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकाचं तू तेच करायचीस.

त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर आपण तिघी एका टेबलाशी बसलो नाही. तू काय बोललीस ते तुला आठवत असेलच. मला तर शब्द न् शब्द पाठ आहे. ‘तुझ्या आईने तुला टाकलं, त्याचा सूड तू आमच्यावर उगवलास. एकदा तरी जवळ घेतलंस का आम्हाला?’ आई उभी राहिली. हातातला डाव पुसून ठेवला, खाली वाकली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि बस पकडायला चालू लागली. त्या थंडीत, कोट न घालता. मी कोट घेऊन तिच्या मागे धावले, आणि परत आले तोवर तू पोरीला घेऊन क्लीव्हलंडच्या वाटेला लागली होतीस. तू खोटं बोललीस असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. आईने आपल्याला जवळ घेतलं नाही. पण बूट मात्र तिने कधी आपल्याला आपले घालू दिले नाहीत, आठवतं ना? शाळेच्या वेळी दारात गुडघे टेकून बसायची आणि गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. खेळाच्या तासाला बाई कात्री घेऊन यायच्या आपल्या नाड्या कापायला, आणि सगळा वर्ग हसायचा. नव्या नाड्यांचा गठ्ठाच असायचा स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी. मिठी नाही मारायची, गाठ मारायची. आपली आई म्हणजे हे एवढंच होतं.

आणि तिची ती गोष्ट. ती आपल्याला तिने एकदाच नीट सांगितली, पण एकदा ऐकून पुरेल अशीच होती ती. ती लहान होती, तीन-चार वर्षांची. खूप माणसं जमली होती, गात होती. एका माणसाने तिला काखेत धरून उचललं आणि लाकडाच्या कशाच्या तरी वरून, दुकानात काउंटरवरून पिठाची पिशवी देतात तसं, पलीकडच्या माणसाच्या हातात दिलं. त्याने परत अलीकडे दिलं. पुन्हा पलीकडे. ती किंचाळत होती, पण कुणी थांबलं नाही. तिच्या पायातला एक बूट पडला, तो कुणी उचलूनही दिला नाही. मग जिने पुढे तिला वाढवलं त्या मिस हॅटीने तिला घेतलं, गाडीत बसवलं आणि इथे फिलाडेल्फियाला आणलं. ‘देऊन टाकलं मला,’ आई म्हणायची. ‘घ्यायला कुणी धड तयार नव्हतं, म्हणून इकडून तिकडे, तिकडून इकडे. देताना दोन्ही बूटसुद्धा दिले नाहीत.’ हे सांगताना तिच्या डोळ्यांत टिपूस नसायचं, म्हणून आपल्याला वाटायचं की ती दगड आहे.

डॉक्टरांनी तिच्या विसरण्याला नाव दिलं त्या दिवसाचं तुला कुणी सांगितलं नाही, कारण तुला काही सांगायची सोय उरली नव्हती. दवाखान्यातून येताना गाडीत ती मला म्हणाली, ‘वर्डेल, सगळं जायच्या आत एक काम कर. मला कुणी दिलं आणि का दिलं, तेवढं शोधून काढ. मला माझ्या डोक्याने ते ऐकायचंय, दुसऱ्याच्या नाही.’ उभ्या जन्मात त्या बाईने माझ्याकडे ग्लासभर पाणी मागितलं नव्हतं गं. मी नाही कशी म्हणणार? मी म्हटलं, शोधते. मला काय माहीत, मी कशात हात घालतेय ते!

मिस हॅटीला जाऊन जमाना झाला, आणि जिवंत होती तेव्हा तरी कुठे ताकास तूर लागू देत होती? आई विचारायला लागली की ती भांडी घासायला घ्यायची. शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून साउथ कॅरोलायना, बस. एवढं मोठं राज्य, त्यात एक एका बुटाची पोर. आईच्या नावाच्या जागी ‘माहीत नाही’. आता तूच सांग, जिला देऊन टाकलं तिला शोधायचं कुठे? देऊन टाकलेली मुलं असतात तिथे. मी अनाथाश्रम धरले. चर्चच्या आया चालवायच्या ती घरं धरली. गोऱ्यांच्या आश्रमांत आपली पोरं घेत नसत, म्हणजे आपल्या काळ्या लोकांचे आश्रम तेवढे शोधायचे. त्यातले निम्मे जळले, निम्मे बंद पडले, आणि जे उरले त्यांनी कळवलं, बाई, आमच्याकडे अशी मुलगी नव्हती. मग ते काउंटर आठवून वाटलं, बाजाराच्या गावात कुणी मुलं वाटायचं काम करायचं का? तेही शोधलं. माझ्या खुर्चीत केस धुवायला बसलेली प्रत्येक बाई काहीतरी नवं सुचवायची आणि मी वेड्यासारखी ते करायचे. इतके दिवस, जोनी, इतके रविवार. ज्या गल्लीत शिरावं ती पुढे बंद. परत फिरा, दुसरी धरा, तीही बंद. आईला दर वेळी वाटायचं आज काही कळेल; मी दारातून आत आले की माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मग न विचारताच टीव्हीचा आवाज वाढवायची.

मग थुंकीवरून नातेवाईक शोधतात ती डीएनए चाचणी केली. आईला ती नळी दिली तर म्हणते, ‘आयुष्यभर मला थुंकू नको, थुंकू नको म्हणून शिकवलं, आणि आता म्हणे पैसे भरून थुंक!’ खूप हसलो त्या दिवशी. ती शेवटची हसली असेल तर तेव्हाच. निकाल आला आणि मला वाटलं, जिंकलो! चुलत-मावस भावंडांची ही रांग, आणि सगळी साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची, बेटांवरची. पण ती बेटं म्हणजे काय प्रकार आहे ते मला नंतर कळलं. पिढ्यान् पिढ्या ती माणसं एकमेकांतच लग्नं करून राहिली. प्रत्येक जण प्रत्येकाचा तीन बाजूंनी भाऊ. एक धागा ओढावा तर अख्खा गुंता गळ्यात. आई त्या सगळ्यांचीच होती, म्हणजे नेमकी कुणाची, ते कुणालाच सांगता येईना. मी ज्यांना लिहिलं त्यातल्या बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने मला आयुर्विमा विकायचा प्रयत्न केला. एकीने लिहिलं, ‘आमच्या घराण्याने कधी मूल टाकलेलं नाही, दुसरीकडे बघा.’ ते वाचून मी केस सुकवायच्या यंत्राखाली बसून रडले, यंत्र चालू ठेवून, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

आणि इकडे आई चाललीच होती. आधी मिस हॅटीचं नाव गेलं. मग रस्ता गेला, मग किल्ली गेली, मग मी तिला वृद्धाश्रमात ठेवलं. हो, ठेवलं; बोल काय बोलायचंय ते. मग तू गेलीस तिच्या डोक्यातून. मग मीही गेले. एक दिवस मला म्हणाली, ‘केस छान करता हो तुम्ही. कुठे असता?’ सगळं पुसलं गेलं, फक्त ते लाकूड आणि ते हात पुसले गेले नाहीत. संध्याकाळ झाली की नर्सचा हात धरायची आणि सांगायची, ‘मला देऊ नका हं कुणाला.’ नर्सला वाटायचं लहानपणच्या एखाद्या अनाथाश्रमाचं काहीतरी असेल. मी तिथे बसून ऐकायचे आणि देवाला शिव्या घालायचे. एवढं सगळं नेलंस तर हेही ने की बाबा! तेवढंच कशाला ठेवलंस?

चाचणीतल्या त्या भावंडांच्या रांगेतल्या एकाने मात्र फोन केला. इझिकिएल त्याचं नाव, सगळे झीक म्हणतात, टॉलिव्हर बेटावर कोळंबीची होडी चालवतो. माझं सगळं रामायण ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘ताई, फोनवर कसलं शोधताय? शनिवारी आमच्या आत्याची मयत आहे. बेटावरची झाडून सगळी म्हातारी माणसं येतील. जिवंत आहेत तोवर विचारा, मग काय त्यांच्या दगडांना विचारणार?’ मी म्हटलं, अरे, अनोळखी घरच्या मयतीला कशी येऊ? तर म्हणतो, ‘अनोळखी कशी? थुंकीत आलात ना!’ गेले मग. आईला सांगून गेले, तुझ्या गावाला जातेय. ती म्हणाली, ‘जपून जा, तिथली माणसं चांगली नाहीत.’

चर्चमधलं सगळं आपल्यासारखंच, फक्त गाणं जास्त पोटातून येणारं. मग चालत समाधीच्या जागेवर गेलो, झाडांत, खाडीच्या कडेला. खड्डा खणलेला, त्यावर आडव्या फळ्या, फळ्यांवर पेटी. आणि सगळे गायला लागले, जोनी. पेटीच्या अलीकडे एक माणूस उभा राहिला, पलीकडे एक. म्हातारीची पणती होती, दोन वर्षांची असेल, पांढऱ्या फ्रॉकमधली. अलीकडच्याने तिला काखेत धरून उचललं आणि पेटीवरून पलीकडच्याच्या हातात दिलं. त्याने परत अलीकडे. पुन्हा पलीकडे. पोर भोकाड पसरून रडतेय, आणि कुणी थांबत नाही, उलट गाणं वाढतंय. मी खाली मातीत बसले. झीक धावत आला, त्याला वाटलं उन्हाने झालं. मी त्याचा सदरा धरला आणि विचारलं, हे काय करताय? हे काय करताय तुम्ही तिला? तो माझ्याकडे असा बघायला लागला की मला हे माहीत नाही म्हणजे मी चंद्रावरून आलेय. ‘अहो, ओलांडवतात. म्हातारीचा जीव होता पोरीवर. पेटीवरून ओलांडवलं नाही तर रात्री येऊन उशाशी बसणार, पोर घेऊन जाणार आपल्याबरोबर. लाडकं मूल असतं ना, त्यालाच करतात. तुमच्याकडे नाही करत? मग तुमची पोरं झोपतात तरी कशी?’

लाडकं मूल. कळतंय का तुला मी काय सांगतेय ते? ते काउंटर नव्हतं. ते देणं नव्हतं. तिच्या आईच्या पेटीवरून तिला ओलांडवत होते, आई तिला सोडून राहू शकणार नाही म्हणून! आपली आई इथे फिलाडेल्फियात वाढली, तिला हे सांगणारं कुणी नव्हतं, तिने आपल्या बुद्धीने अर्थ लावला आणि जन्मभर तोच अर्थ अंगावर वागवला. आणि मी शहाणी अनाथाश्रम धुंडाळत बसले. ती अनाथाश्रमात नव्हतीच कधी, ती मयतीत होती. काखेत कळसा म्हणतात तो हा.

त्यानंतर जेवणं होती, चर्चच्या मागच्या खोलीत. लाल भात, भेंडी, तळलेला मासा. झीकने मला मिस अ‍ॅल्फेअरपुढे नेऊन बसवलं. नव्वदीची बाई, दात एक नाही, पण ताटातली कोळंबी कुणाला उचलू देत नव्हती. मी विचारलं, मिस अ‍ॅल्फेअर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे कुणी बाई गेली का, तीन-चार वर्षांची मुलगी मागे ठेवून? मुलीला पेटीवरून ओलांडवलं आणि मग फिलाडेल्फियाला नेलं? म्हातारीने चावणं थांबवलं. ‘एव्हलिनाची बारकी? लुईला?’ म्हणाली. लुईला हे आईचं नाव मी काढलं नव्हतं, जोनी! ‘जिवंत आहे ती? अगं बाई गं! किती ओरडली होती ती! मी दहा वर्षांची होते, पुढेच उभी होते. आईकडे ठेवा मला, आईकडे ठेवा म्हणून असे हातपाय झाडले की माझ्या मामाच्या हातून सुटलीच असती. बूट पडला तिचा खड्ड्यात.’ बुटाचंही नाव मी काढलं नव्हतं. मी विचारलं, मग कुणी काढला का नाही? ती म्हणाली, ‘मामा उतरणार होता. पोरीच्या आजीने धरलं त्याला. म्हणाली, राहू दे. पोर तर चाललीय आईला सोडून, बूट तरी राहू दे तिच्या पायाशी. तिला नको का कुणी सोबतीला?’

म्हणजे तो बूट तिथे मुद्दाम ठेवला होता. ते ऐकल्यावर मी त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि तिने मला थोपटलं, आणि थोपटता थोपटता दुसऱ्या हाताने जेवतही राहिली. बाकीचं तिने असंच सांगितलं. एव्हलिना, म्हणजे आपली आजी, पंचविशीचीही नव्हती. हिवाळ्यात चिखलात उभी राहून कालवं काढायची, छातीत थंडी भरली आणि गेली. नवरा गोदीवर कामाला होता, कुठल्या बंदरात ते कुणाला ठाऊक नाही. मिस हॅटी तिची जिवाची मैत्रीण, फिलाडेल्फियात घरकाम करायची, मयतीला आली होती. पोरीने खाणंपिणं सोडलं होतं, रोज खाडीकडे पळायची, म्हणून ती म्हणाली, थोडे दिवस नेते, जागा बदलली की विसरेल, उन्हाळ्यात परत आणते. ‘उन्हाळ्यात आणते म्हणाली,’ मिस अ‍ॅल्फेअर म्हणाली, ‘कुठल्या उन्हाळ्यात ते नाही म्हणाली.’ आईच्या आजीने पत्रं पाठवली ती परत आली, हॅटीने घर बदललं होतं. एकटी बाई, पोरीचा लळा लागला असेल तिला, परत द्यायला जीव होईना. मी तिला काय बोलू? तिने आईला खाऊ घातलं, शाळेत घातलं. आणि तिने आईची सगळी माणसंही घेतली. आईची आजी मरेपर्यंत दर उन्हाळ्यात बोट लागायची वेळ झाली की धक्क्यावर जाऊन उभी राहायची, हातात एक बुटांचा जोड घेऊन. दर वर्षी मोठ्या मापाचा घ्यायची. अंदाजाने.

आपण एव्हलिनाला मूल टाकणारी म्हटलं, जोनी. तू टेबलावर म्हटलंस, मी मनात म्हटलं, आईने जन्मभर म्हटलं.

मी झीकला म्हटलं, मला एव्हलिनाकडे ने. तो टोपी खाली ओढून पुढे चालू लागला. मला वाटलं दूर असेल. दूर कसली, आम्ही उभे होतो तिथूनच, झाडांच्या पलीकडे. गवतातून गेलो आणि पुढे जमीन संपली. त्याने टोपी काढली आणि खाडीकडे बोट दाखवलं. ‘जुन्या ओळी तिथे होत्या.’ मागल्या मोठ्या वादळात कडा कोसळली, दोन रांगा पाण्यात गेल्या. भरती होती, तपकिरी पाणी, त्यावर एक बगळा. बस. एवढा डोंगर पोखरला आणि आत उंदीरसुद्धा नव्हता, पाणी होतं. आई गेल्यावर तिला तिच्या आईशेजारी ठेवायचं असं माझ्या मनाने मघाशीच ठरवून टाकलं होतं, तिथे उभ्या उभ्या तेही गेलं. मी चिखलात उतरले. झीक म्हणाला, ‘काय शोधताय?’ मला सांगायची लाज वाटली. मी बूट शोधत होते.

गाडी न थांबवता घरी आले. सरळ आश्रमात. वाटेत सगळं ठरवलं होतं, कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं. आई खिडकीशी बसली होती, पायात दोन्ही बूट, नाड्या घट्ट. मी खाली बसले, तिचे गुडघे धरले आणि सांगितलं. सावकाश, सगळं. एव्हलिना, कालवं, पेटी, मामाचे हात, आजीने बूट राहू दिला तो, धक्क्यावरची बाई. ती तोंडाकडे बघत होती माझ्या, डोळे भरून आले होते. मला वाटलं, पोचलं. देवा, पोचलं शेवटी! मी थांबले. तिने माझ्या गालावर हात ठेवला, जोनी, पहिल्यांदा, आणि म्हणाली, ‘बिचारी पोर. मग तिला कुणी घेऊन गेलं का हो?’

मी म्हटलं, हो. नेलं. ती म्हणाली, ‘बरं झालं,’ आणि खिडकीबाहेर बघायला लागली. संध्याकाळी नर्सचा हात धरून तेच, मला देऊ नका हं कुणाला. दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत. दर वेळी डोळे भरायचे, दर वेळी ती दुसऱ्याच कुणाच्या पोरीसाठी हळहळायची. पालथ्या घड्यावर पाणी. मला ‘माझ्या डोक्याने ऐकायचंय’ म्हणाली होती आणि मी ते डोकं संपल्यावर पोचले. लोक मला पार्लरमध्ये म्हणतात, अगं, शोध लागला ना, केवढी गोष्ट! मी मान हलवते. कसली गोष्ट? ज्या एका माणसाला कळायला हवं होतं, तिला सोडून सगळ्या फिलाडेल्फियाला कळलं. मी हरले, जोनी. जिंकल्यासारखं दिसतं, पण मी हरले आहे आणि हे मी फक्त तुलाच सांगू शकते, कारण ती बाई काय होती ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

आता शेवटाकडे आलीस, तर ऐक. आई मंगळवारी सकाळी गेली. झोपेतच, त्रास झाला नाही असं म्हणतात. ते सगळ्यांनाच म्हणतात. पुढच्या शनिवारी चर्चमध्ये आहे, आणि मग इथेच, मिस हॅटीच्या शेजारी, कारण बेटावर तिची जागा पाण्याने नेली. तू आईसाठी येणार नाहीस, माहीत आहे, आणि माझ्यासाठी ये असं मी म्हणणार नाही. कियाना आणि नायलाला घेऊन ये. झीक गाडी हाकत येतोय, मिस अ‍ॅल्फेअरसुद्धा येतेय, कुणाचं ऐकत नाही म्हातारी. पेटीच्या अलीकडे झीक उभा राहील. पलीकडे तू उभी राहा. घेणारे हात तुझे हवेत. आईने नायलाला कधी पाहिलं नाही, म्हणजे ती उशाशी येऊन बसणार हे नक्की, ओलांडवायलाच हवं. आणि मोठी झाल्यावर तिला काही आठवलंच, ते लाकूड, ते हात, ते रडणं, तर सांगायला आपण कुणीतरी असायला हवं की तुला कुणी देत नव्हतं बाळे, तुला राखत होतो. एवढं कर. आणि निघताना तिच्या पायात बूट घालशील, तेव्हा हातांना आपल्या आईची सवय आहे हे विसरू नकोस. गाठी सैल ठेव. एखादा पडला, तर आपण उचलायचा नाही.

तुझीच,
वर्डेल